शेपटाकडचे वाळूचे पोते

मी, विनिफ्रेड थॅकर, वय सत्तेचाळीस, अविवाहित, राहणार हॉलिंगबी, लिंकनशर, डॉक्टरांनी माझ्या छातीविषयी जे सांगितले ते समजून घेऊन, पूर्ण शुद्धीत आणि कोणी भरीस न घालता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आधीचे रद्द समजावे. त्यात मी खरे लिहिले नव्हते.

१. राहते घर माझी वहिनी हेटी हिला. कोळशाच्या खोलीचे दार जरा उचलून लावावे लागते. किल्ली मात्र कलम चार वाचून दाखवल्यावरच द्यावी. त्यानंतर तिला घर नकोसे झाले, तर तिचे चुकले असे कोणी म्हणू नये.

२. शिवणयंत्र आणि मेणाचा दोरा शेजारच्या डोरा पिमला. मोठी कात्री तिने मासे कापायला नेली, त्याला सात वर्षे झाली. आता परत करू नये.

३. कारखान्याला काही नाही. विमानांच्या पंखांवर कापड शिवण्यात माझी अकरा वर्षे गेली. त्यांनी दफनाला पाठवलेल्या फुलांवर माझ्या भावाचे नाव चुकले होते.

४. जून १९३१. दुहेरी पंखांचे ते बॉम्बफेकी विमान एकच बनले. सगळे त्याला ‘गाभण गाय’ म्हणत. चाचणीत शेपटाकडच्या बंदूकवाल्याच्या जागी त्याच्या वजनाचे वाळूचे पोते ठेवत. ते उसवले. माझा भाऊ आल्फ्रेड, तिथला फिटर, ते माझ्याकडे घेऊन आला. चहाची सुट्टी नुकतीच सुरू झाली होती.

“विनी, चार टाके घाल गं. कॅप्टन खोळंबलेत.”

“चहा तरी पिऊ दे, मेल्या! एवढी घाई असेल तर तूच बस जा पोत्याच्या जागी. वजन तेवढंच आहे, अक्कलही.”

दारात वैमानिक कॅप्टन रॅन्सम उभे होते. ते म्हणाले, “नको थॅकर, थांबू या.”

“गाभण गाईत बसायला पुन्हा कधी मिळणार, साहेब? चला की!”

विमानाने कुंपण ओलांडले, नाक वर केले आणि शेपटावर कोसळले. कॅप्टन वाचले.

चौकशीत ते म्हणाले, “मीच त्याला बसवलं.” माझ्याकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. त्यांचा परवाना गेला. दफनाच्या वेळी हेटी त्यांच्या तोंडावर थुंकली, तेव्हा मी तिचा हात धरून उभी होते. पंचवीस वर्षे दर रविवारी ती चर्चमध्ये त्यांच्याकडे पाठ करून बसते. मी तिच्या शेजारी.

५. कलम चार आणि सहा रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या दारात मोठ्याने वाचावीत. हेटी आणि कॅप्टन दोघेही हजर हवेत. कॅप्टन वाचणाऱ्याला अडवतील. थांबू नये.

६. पलंगाखालच्या पेटीतले रिकामे पोते कॅप्टनना द्यावे. चहा संपवून मी ते शिवले होते. शेवटची गाठ मारली तेव्हा विमान मैदानातच इंजिने तापवत उभे होते. खिडकीतून दिसत होते. नुसती हाक मारायची होती.

मी दुसरा कप ओतला.

हॉलिंगबी, ९ नोव्हेंबर १९५६
सही: विनिफ्रेड थॅकर

आम्हा दोघांसमोर, कोणाचा आधार न घेता उठून बसून तिने सही केली:
ग्रेस लोव्हेल, परिचारिका
ह्यूबर्ट स्टोक्स, पोस्टमास्तर