काळी एक, पांढरी एक

३ जानेवारी
बँड सोडला. अठरा वर्षं मागे उभा राहून कीबोर्ड वाजवला, आता पुढे. सोलो रेकॉर्ड काढणार. फंक, जॅझ, इलेक्ट्रॉनिक, सगळं एकत्र. आठ गाणी, तीन महिने. रोज चार तास रियाज. ड्रमर म्हणाला, तुझ्या रेकॉर्डवर मी वाजवतो. त्याला सांगितलं, मशीन तुझ्यापेक्षा तालात वाजवतं. त्याने काठ्या पिशवीत भरल्या. खरं बोललेलं लोकांना पचत नाही.

९ जानेवारी
रियाज उद्यापासून. आज कव्हरसाठी फोटो काढले. बायको म्हणाली, पोट आत घे. घेतलेलंच होतं.

२१ जानेवारी
आठही गाण्यांचा बास, म्हणजे खालचे जाड सूर, कीबोर्डवरच एका दमात वाजवला. सगळा पांढरी एकमध्ये. दुसरी पट्टी हवी असली तर ट्रान्सपोजचं बटण आहेच. दाबलं की अख्ख्या कीबोर्डचा सूर वर सरकतो. बोटं कशाला झिजवा?

२४ जानेवारी
मेव्हणा जेवायला आला. गायचा हट्ट. त्याच्यासाठी बटण दाबून एक घर वर, काळी एकवर गेलो. तरी बेसूरच.

२ फेब्रुवारी
बासवर मेलडी चढवली. ऐकताना दात आंबले. म्हणजे जॅझ जमलं.

४ फेब्रुवारी, सायं. ७
मुलगी दारात येऊन म्हणते, बाबा, मामा जेवून गेला, पण ट्रान्सपोज तसंच राहिलंय. खाली बास पांढरी एकमध्ये, वर मेलडी काळी एकमध्ये वाजतेय. कॉलेजात गेली नि शिंगं फुटली! जॅझ कळायला वय लागतं, असं सुनावून कडी लावली. हल्ली ती प्रॅक्टिसला ड्रमरकाकाकडे जाते. घरात शांतता.

२० मार्च
मिक्सिंगवाल्याने हेडफोन काढून विचारलं, तुमची आणि बासवाल्याची कधी भेट झाली होती का? म्हटलं, दोघं मीच. तो उठून पाणी प्यायला गेला. भारावला असणार.

१० एप्रिल
रेकॉर्ड बाहेर आली. पहिली प्रतिक्रिया: फाइल खराब आहे का? बायकोने मात्र डोळे मिटून पूर्ण ऐकली. नंतर पाहिलं, हेडफोनची वायर लोंबत होती.

१९ एप्रिल
बँडवर उपकार करायचं ठरवलं. ड्रमरला फोन करून परत यायला तयार असल्याचं कळवलं. म्हणाला, जागा भरली. नवी मुलगी तालात आहे, सुरात आहे, माणसांशी नीट बोलते. कोण म्हणून विचारलं, तर म्हणे, जेवायला बसशील तेव्हा समोर बघ.

२७ एप्रिल
आज तिचा पहिला कार्यक्रम. कीबोर्ड जिन्यावरून मीच उतरवला. स्टँडही. ट्रान्सपोजच्या बटणावर तिने चिकटपट्टी लावलीय. म्हटलं, घाबरू नकोस, मी पुढेच बसतो.
म्हणाली, बाबा, मागे बसा.
मागे आवाज जास्त चांगला येतो, हे तिला बरोबर माहीत आहे.