फीत कापेपर्यंत

२० जून
आजपासून रोजनिशी. रोज लिहिणार, खंड न्हाई. रिटायर व्हायला एकच वर्ष राह्यलं, मुख्याध्यापकाच्या शेवटच्या वर्षाची नोंद कुठंतरी पाहिजे.
सुरुवातच दणक्यात. सरकारी योजनेतून आमच्या सोनखेडीच्या जिल्हा परिषद शाळेला फुकट इंटरनेट मंजूर झाल्तं, ते आज बसलं. दोन पोरं आली, ऑफिसच्या भिंतीवर पांढरा डबा ठोकला, हिरवा दिवा लावून दाखवला, माझी सही घेतली. त्यातला एक जण एक वर्ष, एक वर्ष असं कायतरी सांगत होता. गॅरंटी असंल. बरं बरं म्हणलं.
शीतल मॅडम लगेच मोबाईल घेऊन हजर. सातवीला विज्ञान शिकवतात, उत्साह जास्त. मी बटण बंद केलं. म्हणलं, मॅडम, उद्घाटनाआधीच वापरलं तर मंग उद्घाटन कशाचं करायचं?

२६ जून
रोज लिहायचं ठरल्तं. पण मधले दिवस उद्घाटनाच्या विचारात गेले, म्हणजे लिहिल्यासारखंच झालं.
सरपंच सर्जेराव म्हणाले, आमदार साहेबांनाच बोलावू. सर्जेराव साहेबांच्या गाडीत दोनदा बसलेले आहेत, त्यामुळं तारीख जल्दी मिळणार. नवीन जालन्यात घराजवळच कोनशिलेची ऑर्डर देऊन आलो. संगमरवर. साहेबांचं नाव मोठं, सर्जेरावांचं मध्यम, माझं लहान पण ठळक. तारखेची जागा कोरी ठेवलीय.

८ जुलै
सौ.नं डब्याला कव्हर शिवून दिलं. जुना पडदा, पण नाडी नवी. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या चांगुणाबाईंनी कव्हरला हळदकुंकू लावलं. गावात आस्था आहे.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनाला साहेब येणार होते, दुसऱ्या गावाला गेले. भाषण वाया जाऊ दिलं न्हाई, मीच वाचलं. विषय, इंटरनेट शाप की वरदान. सातवीच्या फरहानानं हात वर करून विचारलं, सर, वरदान कधी चालू होणार? सगळं गाव हसलं. पोरीला जिज्ञासा आहे.

१२ सप्टेंबर
साहेबांना आज वेळ होता. सर्जेराव म्हणाले, पितृपक्षात कशाला. पटलं.

६ नोव्हेंबर
आचारसंहिता लागली. आपण काय करणार?

४ डिसेंबर
आनंदाची बातमी! विज्ञान प्रश्नमंजूषेत फरहाना तालुक्यात पहिली. आता शेवटची फेरी १७ जानेवारीला, ऑनलाइन. जिंकेल त्याला श्रीहरिकोट्याला नेऊन रॉकेट उडताना दाखवणार. पोरगी अजून जालन्याच्या पुढं गेलेली न्हाई. तिचे अब्बा बदनापूरला शिवणकाम करतात, ते खास सुट्टी काढून शाळेत आल्ते. म्हणे, सर, आमच्या मोबाईलवर एवढं न्हाई चालत, तुमच्याच भरवशावर आहे.
मी सर्वांसमोर शब्द दिला, परीक्षेआधी उद्घाटन म्हणजे उद्घाटन. फरहानानं खुशीत डब्याच्या बाजूला भिंतीवर खडूनं रॉकेट काढलं. रागावणार होतो, पण फोटोत चांगलं दिसंल.

१० जानेवारी
साहेबांनी १३ तारीख दिली! फीत बांधली. लाल, सॅटिनची. पेढे सांगितले.

१३ जानेवारी
आचारसंहिता. पुन्हा. एक उठली, दुसरी लागली. पेढे पोरांना वाटले.
शीतल मॅडम म्हणाल्या, सर, १७ तारखेला तासभर तरी बटण चालू करा, कव्हरसुद्धा काढू नका, कुणाला कळणार आहे? म्हणलं, मॅडम, फीत बांधून झालीय. बांधलेल्या फितीमागं दिवा लागला तर साहेबांना काय वाटंल? काही गोष्टी तत्त्वाच्या असतात.
पण मी काही निर्दय माणूस न्हाई. सोय केली. फाट्यावर माझ्या मोबाईलला फुल्ल रेंज असते. फरहानाला स्वतः घेऊन जाणार.

१७ जानेवारी
फरहानाला मोटारसायकलवर फाट्यावर नेलं. मागून स्कूटीवर शीतल मॅडम. पोरगी पुलाच्या कठड्यावर बसून धडाधड उत्तरं देऊन राह्यली होती. पाच बरोबर. सहाव्या प्रश्नाला मोबाईल वाजला, सर्जेराव. साहेबांची तारीख आली असंल, म्हणून तिच्या हातातून घेतला अन् उचलला. तारखेचं न्हव्हतं. कोनशिलेवर त्यांच्या नावाआधी मा. टाकायचं राह्यलं, त्याची आठवण करून राह्यले होते.
मोबाईल परत दिला तर परीक्षा बंद पडल्ती. पुन्हा उघडलीच न्हाई.
नेटवर्कचा दोष. खेड्यात हे असंच, म्हणून तर शाळेत इंटरनेट पाहिजे.
फरहाना घरापाशी उतरली अन् थँक्यू सर म्हणाली. म्हणजे राग नसावा.
रात्री जेवण गेलं न्हाई. पित्त झालं असंल.

११ एप्रिल
श्रीहरिकोट्याला गेलेल्या पोरांचा फोटो पेपरात. सौ.नं विचारलं, तुमच्या शाळेतलं कुणी आहे का यात? चष्मा सापडत न्हव्हता, म्हणून नीट पाहिला न्हाई.

२२ जून
साहेब आले!! फीत कापली, कोनशिलेवरचा पडदा ओढला, फोटो झाले, अर्धा कप चहा घेतला अन् गेले. त्यांच्या मागं सर्जेराव, सर्जेरावांच्या मागं गाव. चालू करून बघायला कुणी थांबलंच न्हाई.
फरहाना आल्ती, शाळा सोडल्याचा दाखला न्यायला. आठवीला बदनापूरला चालली. दाखला घेतला अन् म्हणाली, सर, आता तरी एकदा चालू करून दाखवा ना.
कव्हरची नाडी सोडली. बटण दाबलं. लाल दिवा. पुन्हा दाबलं. लालच. शीतल मॅडमनी डब्यावरच्या नंबरला फोन लावला. तिकडचा म्हणे, योजना बसवल्यापासून एक वर्षाची होती, परवा संपली. वर्षभरात तुमच्याकडं एकदाही वापर दिसत न्हाई, काही अडचण होती का, सर?
मॅडमनी मोबाईल माझ्याकडं धरला. मी कव्हरची नाडी परत बांधायला घेतली.
फरहाना म्हणाली, जाऊ द्या सर, नव्या शाळेत आहे म्हणे. मलाच समजावून राह्यली होती. जाताना भिंतीवरचं तिचं रॉकेट तिनं हातानं पुसायला घेतलं. मी म्हणलं, राहू दे गं पोरी.
घरी आल्यावर सौ.नं विचारलं, अहो, झालं का उद्घाटन? मंग कसं निघालं इंटरनेट?
म्हणलं, नवंकोरं.