खऱ्या मालकाचं नाव

२ फेब्रुवारी, अबकैक, सौदी अरेबिया
आजपासून घाबरायचं नाही असं ठरवलं. पहिला चहा संपायच्या आत जयदीपचा मेसेज. जयदीप म्हणजे माझ्या बायकोचा, विभावरीचा, ह्यूस्टनचा भाऊ. अमेरिकेत नवा नियम लागू होतोय म्हणे. कर्ज न काढता कंपनीच्या नावावर घर घेतलं, की कंपनीमागचा खरा मालक कोण ते सरकारला कळवायचं. काळा पैसा पकडायला.

माझा पैसा पांढराशुभ्र आहे. इथल्या प्लँटवर होरपळून मिळवलेला. टेक्सासच्या घरासाठी कंपनी काढली ती फक्त नाशिकच्या दादाला कळू नये म्हणून. दिवाळीत त्याने नाशिकच्या घराच्या दुरुस्तीचा विषय काढला, तेव्हा मी म्हटलं, माझी नोकरी जातेय, इकामा, म्हणजे इथला राहायचा परवाना, रिन्यू होईल की नाही देव जाणे. हे खोटं नव्हे. नोकरी सगळ्यांचीच कधी ना कधी जाते.

५ फेब्रुवारी
जेवण जात नाही. जयदीप म्हणतो, माहिती सरकारकडेच राहते, बाहेर कुणाला दिसत नाही. माणूस भोळा आहे. दादाचा साडू इन्कम टॅक्समध्ये होता, हे त्याला कुठे माहीत?

८ फेब्रुवारी, लंच टाइम
देव पावला! अमेरिकेतल्या काही खासदारांनी हा नियम रद्द करायचा ठराव आणलाय. साध्या माणसाला घर घेताना कागदांचा जाच नको, असं त्यांचं म्हणणं. भली माणसं.

कँटीनमध्ये वहाबला सांगितलं. रत्नागिरीचा, माझ्याच शिफ्टला असतो. तो म्हणाला, "अरे, भावाला सांगून टाक नि खलास." याला अमेरिकेचं राजकारण कळत नाही.

१५ फेब्रुवारी
ठराव समितीत पडून आहे. एका खासदाराला ईमेल केला, 'काइंडली डू द नीडफुल.' पाठवल्यावर लक्षात आलं, खाली माझं पूर्ण नाव आहे. लगेच डिलीट केला. विभावरी म्हणाली, गेलेला ईमेल असा परत येत नाही. हे सांगायची काय गरज होती?

१९ फेब्रुवारी
रमजान सुरू. ऑफिस दुपारीच सुटतं, म्हणजे घाबरायला जास्त वेळ.

पण आज मार्ग सापडला. ठराव मंजूर व्हावा म्हणून नाशिकला गणेशयाग करायचा. आपले घरचेच गुरुजी, बाबांच्या वेळेपासूनचे. परका असता तर बोभाटा झाला असता. गुरुजी म्हणाले, संकल्पात सगळं स्पष्ट हवं. नाव, गोत्र, घर कुठे, कंपनी कुठली, कुठला नियम. देवापुढे मोघम चालत नाही. कुणाला कळता कामा नये, असं तीनतीनदा बजावलं. "छे, बाहेरच्या कुणाला कशाला सांगू?" म्हणाले. आता निर्धास्त.

२१ फेब्रुवारी, विनायकी
व्हिडिओ कॉलवर याग. यजमान परदेशी असला की त्याच्या जागी कुळातलं कुणीतरी पाटावर बसावं लागतं. हे मला माहीत होतं. डोक्यात आलं नव्हतं.

पाटावर दादा बसलेला. सोवळं नेसून.

गुरुजींनी संकल्प सांगितला, आणि तो कधी नव्हे इतका खणखणीत. माझं नाव, काश्यप गोत्र, टेक्सास, घर, कंपनी, काहीही सोडलं नाही. शेवटी दादाला समजावं म्हणून मराठीतही सांगितला. दादाने एकदा मोबाइलकडे पाहिलं. मग हातातलं पाणी शांतपणे ताम्हनात सोडलं, माझ्या घरासाठी. मी नेट गेल्याचं सांगून कॉल बंद केला.

२२ फेब्रुवारी
दादाचा फोन. आधी उचललाच नाही. मग उत्तर जुळवलं, की कंपनी जयदीपची, मी नावापुरता, आणि उचलला.

तो रागावला नाही. घरात उजेड येतो का, विचारलं. मग म्हणाला, दिवाळीनंतर त्याने सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपरची नोकरी धरली होती. मी परत आलो तर सगळ्यांचं भागायला हवं म्हणून. मला काळजी नको, म्हणून बोलला नव्हता.

"मग आता उद्यापासून जात नाही रे," तो म्हणाला. "गुडघे फार दुखतात."

मी 'बरं' म्हटलं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

विभावरीने विचारलं, दादा काय म्हणाले. म्हटलं, घर आवडलं म्हणाले.