चुनीच्या डबीतलं फेसक्रीम

४ नोव्हेंबर, सकाळी ६.१०. रेणापूर.
या दोन हातांनी आजवर बनवलेलं: पत्र्याचा कूलर. सोयाबीनची चाळणी, मोटारीवरची. देवळातला आपोआप वाजणारा नगारा (थांबवायला माणूस लागतो). ट्रॉलीच्या जॅकचा प्रेस. आणि आता प्लास्टिकमुक्त फेसक्रीम. आत करडईचं तेल, कोरफड, पोळ्याचं मेण. डबी तुरीची चुनी (डाळ भरडताना उरलेला चुरा), सोयाबीनची पेंड आणि काकवी कालवून, प्रेसमध्ये दाबून. व्यास ६४ मिमी, जाडी ४. क्रीम संपलं की मातीत टाका, अठरा दिवसांत माती. प्लास्टिकवाल्यांचा धंदा बसणार. म्हणून सावध राहणे.
शिक्षण दहावी. गुरू कोणी नाही.
बायकोची, सिंधुची, मुदत: लातूरच्या प्रदर्शनापर्यंत ऑर्डर आली नाही तर शेड म्हशीला. गाभण जनावर थंडीत बाहेर ठेवणार न्हाई म्हणते. शेड नव्हे, लॅब, असं सांगितलं. म्हणाली, म्हशीला चालंल.

९ नोव्हेंबर.
पार्लरवाल्या हुमाबाजीला दहा डब्या सँपल. लगेच विचारलं, रामलिंगभाऊ, यात काय काय टाकलं? म्हणजे फॉर्म्युला पाहिजे. मी म्हणालो, निसर्ग. म्हणाली, निसर्गानं माझ्या दोन गिऱ्हाइकांना पुरळ येतं, नाव सांगा. हुशार बाई. नजर ठेवणे.

१४ नोव्हेंबर.
खिडकीत वाळत ठेवलेल्या बारा डब्या गायब. कुलूप शाबूत. चुरासुद्धा मागे नाही. प्रोफेशनल काम.
संशयित: १) हुमाबाजी. २) मेव्हणा नरसिंग. पुण्याला कंपनीत आहे, काय करतो ते नीट सांगत नाही. सिंधु म्हणाली, वॉचमन हाय तो, दहादा सांगितलं. तेच तर. वॉचमनला सगळ्या चोरवाटा माहीत असतात.

१५ नोव्हेंबर, पहाटे ५.
ठसे मिळावेत म्हणून रात्री खिडकीखाली ज्वारीचं पीठ भुरभुरलं होतं. आता पाहिलं: सगळीकडे खूर. रुंदी ११ सेंमी, दोनदा मोजली. म्हणजे आपल्या पायांचे ठसे पुसायला चोरानं आमचीच म्हैस फिरवली. इतकं डोकं गावात कुणाला नाही. टोळी बाहेरची.
सिंधु पोट धरून हसली. म्हणाली, अहो, म्हशीनंच... पुढचं मी ऐकलं नाही. पीठ वाया घालवलं म्हणून मात्र रागावली. ती कुणाच्या बाजूची?

२१ नोव्हेंबर.
हुमाबाजी आली. क्रीम बेस हाय म्हणे, डबीचं बघा. एका बाईनं पर्स बांधावर ठेवली, शेळीनं पर्स फाडून डबी खाल्ली, क्रीमसकट. "शेळीचं थोबाड लई मऊ झालंय, भाऊ!" दुसरीच्या कपाटात मुंग्या. म्हणाली, स्टीलच्या डबीत द्या. रिकामी झाली की बाया आणून भरून नेतील, कचरा न्हाई, कटकट न्हाई. महिन्याला पन्नास घेते, आजपासून धरा.
डाव ओळखला. मी डबी सोडायची, हिनं पेटंट घ्यायचं. स्पष्ट नकार दिला.
सिंधु चहाचा कप ठेवून आत गेली.

२७ नोव्हेंबर, लातूर. प्रदर्शन.
स्टॉल ३१. विक्री शून्य. कारण: झाकण कुणालाही उघडू दिलं नाही. वास घेता घेता फॉर्म्युला जातो.
एकच माणूस जाणकार निघाला. हणमंतराव, औशाचा. तीन चकरा मारल्या. डबी मोडली, चुरा हुंगला, तोंडात टाकून चावला. विचारलं, रोज किती किलो निघंल? पेंडीचा व्यापारी म्हणवतो. वेष झकास: धोतर, टॉवेल, खिशात चुनीची पुडी. कुठल्या बड्या कॉस्मेटिक कंपनीनं पाठवला असेल?

३० नोव्हेंबर.
शेडमध्ये म्हैस. प्रेस ओसरीवर, त्यावर सिंधुनं कांदे वाळत घातलेत. तीन वर्षांची लॅब सव्वा तासात रिकामी झाली.
हणमंतरावाचा फोन आला. सिंधु म्हणाली, हो म्हणा, आत्ता म्हैस बाहेर काढते. आवाजात चेष्टा नव्हती. मी त्याची खालील ऑर्डर नाकारली:
महिना पाच क्विंटल डब्या. झाकण नको. मोडक्या चालतील. दर क्विंटलला चोवीसशे रुपये. आत क्रीम आढळल्यास शंभर कमी.