बालगृहातली शेरावही

८ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ७.
मेलबर्नहून येऊन तीन दिवस झाले. जेट लॅग नाही. जेट लॅग हा मनाचा कमकुवतपणा. आजपासून गंगापूर रोडच्या बालगृहात रोज दुपारी दीड ते साडेतीन वर्ग घेणार. तेवीस मुलं. पाढे, अक्षर, शिस्त. कुणालाही लळा लावायचा नाही. २१ला मी परत जाणार, मुलांना त्रास नको.

दुपारी ४.
घरीच झोप लागली. जेट लॅग नव्हे, पंखा. वर्ग उद्यापासून.

९ सप्टेंबर
पितृपक्ष सुरू आहे हे विसरले होते. रोज कुणीतरी आपल्या गेलेल्या माणसाच्या नावाने इथे जेवण देतं. आज खीर, वडे, अळू. पाढ्यात सात पंचे पस्तीसपर्यंत पोचेतो एकोणीस जण झोपले. अधीक्षिका विमलाबाई म्हणाल्या, पक्षात दुपारचा अभ्यास होत नाही. म्हटलं, मी घेते ना.

११ सप्टेंबर
वर्ग जेवणाआधी ठेवला. वडे तळायच्या वासापुढे सातचा पाढा टिकत नाही.
प्रत्येकाला शेरावही दिली. रोज शेरा, खाली पालकांची सही. ही जागा आखून झाल्यावर चूक लक्षात आली. विमलाबाई म्हणाल्या, राहू द्या, सगळ्यांची मीच करते.
तेजल, वय नऊ. शेरा : ‘बडबड. सुधारणेस वाव.’ तिने विचारलं, तुमचं कोण गेलंय? इथे येणाऱ्या प्रत्येकाचं कुणीतरी गेलेलं असतं, अशी तिची समजूत. म्हटलं, मी शिकवायला आलेय. तिने डॉक्टरसारखी मान हलवली.

१४ सप्टेंबर
वर्ग पुन्हा जेवणानंतर. आग्रहाखातर तिथेच जेवले. वडे तीन (नंतर दोन). वर्गात जरा डोळे मिटून विचार केला. उघडले तेव्हा साडेचार. पंखा माझ्याकडे वळवलेला, मुलं चिडीचूप. आठवड्यात एवढी शिस्त! मेलबर्नला शौनकला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, आई, तू जेवलीस का नीट?

१६ सप्टेंबर
तेजल कंगवा घेऊन आली. स्पष्ट नाही म्हटलं. पण भांग फारच वाकडा होता. दोन वेण्या घातल्या. लळा नव्हे, भूमिती.

१७ सप्टेंबर
पुन्हा वाकडा. मुद्दाम करते की काय. वेण्या.

१८ सप्टेंबर
विमलाबाईंना बजावलं : मी गेल्यावर मुलं रडतील, तयारी ठेवा. त्या म्हणाल्या, आमची नाही हो रडत, पाहुणे रडतात. मुलांनी त्याच्या ड्यूट्या वाटून घेतल्यात. अनुभव कमी आहे बाईंना. निरोपाचं भाषण लिहिलं. मुद्दे चार, धीर देणारे.

२० सप्टेंबर
उद्या सर्वपित्री. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. शौनकच्या लक्षात तिथी राहत नाही. येतेच आहे तर उद्याचं जेवण ह्यांच्या नावाने दिलं. निव्वळ सोय म्हणून.

२१ सप्टेंबर, रविवार. दुपारी ३.
पानं वाढल्यावर उभी राहिले. मुद्दा पहिला म्हटलं, तोच तेजलचा हात वर.
“आजी, आजोबांना काय आवडायचं?”
मिसळ, म्हटलं. ब्लडप्रेशरपायी मी एकोणीस वर्षं बंद ठेवलेली. चोरून खाऊन यायचे. शर्टावर तर्रीचा डाग, आणि वर मलाच विचारायचे, आज भाजी काय.
मुद्दा दुसरा आला नाही. घशात वडा अडकला.
नवनाथने पाणी आणलं, सनीने खुर्ची. एका मुलीने घडीचा टॉवेल दिला, खास ठेवणीतला. तेजल पाठीवर थोपटत होती, सरावाच्या हाताने. तेविसांपैकी एकाच्याही डोळ्यांत पाणी नाही. शेवटी मीच विचारलं, तुम्हाला नाही का रडू येत?
“आज आमची ड्यूटी आहे ना,” तेजल म्हणाली.

निघताना तिने चोविसावी शेरावही हातात ठेवली. वर माझं नाव. अक्षर बरंच सुधारलंय.
‘वेळेवर येतात. वर्गात झोपतात. वेण्या घट्ट. रडण्यात प्रगती. सुधारणेस वाव.’
खाली पालकांच्या सहीची जागा रिकामी. सही झाल्याशिवाय वही घरी न्यायची नाही, हा नियम माझाच.
विमलाबाईंच्या टेबलापुढे रांग होती. टॅक्सी थांबवून शेवटी उभी राहिले. सही मिळाली.