हिरव्या-निळ्या चौकड्यांची धाबळी

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

मी, शामला गुरुनाथ भागवत, वय एकोणसत्तर, शिक्षण मॅट्रिक, राहणार मुलगा अंबरीश याच्या घरी, कापेल आन डेन आयसेल, नेदरलँड्स, गुडघे सोडता बाकी सर्व ठीक असताना आणि कोणीही मागे न लागता हे स्वहस्ते लिहून ठेवत आहे.

पुण्याची जागा आणि ठेवी यांचे रीतसर मृत्युपत्र पुण्यात नोंदवलेले आहे, त्याला यातून बाध नाही. अंबरीश म्हणतो, कपडे, दागिने, घरातल्या वस्तू यांच्यापुरते इथे हाताने लिहून, तारीख घालून सही केली की पुरते. साक्षीदार लागत नाहीत. मला मात्र त्यांच्यावाचून चैन पडणार नाही.

१. पाटल्या कन्या अपूर्वा हिला. मोहनमाळ सूनबाई भार्गवी हिला. पुरणयंत्रही भार्गवीलाच, कारण अपूर्वा पुरणपोळी विकत आणते.

२. लोकरीचे चौकड्यांचे वस्त्र. याचे वर्णन नीट करणे भाग आहे, कारण घरात अशी तीन आहेत आणि प्रत्येक जण त्यांना आपल्या परीने ओळखतो. पहिले शेजारच्या रीटबाईंनी दिले. त्या म्हणतात ‘प्लेड’, म्हणजे सोफ्यावर बसून पायांवर घ्यायचे पांघरूण. अंबरीशच्या ऑफिसातल्या अमेरिकन माणसाचा सुती शर्टही ‘प्लेड’च, म्हणजे त्याच्या लेखी नुसते चौकडे पुरेत, लोकर नसली तरी चालते. मला राहवेना. अंबरीशला शोधायला लावले. मूळ स्कॉटलंडचे लोक ते दिवसा खांद्यावरून घेत आणि रात्री तेच अंगावर ओढून निजत. म्हणजे आपल्या धनगराचे घोंगडेच की!

मी त्या पहिल्याची धाबळी केली, म्हणजे सोवळ्यात नेसायचे लोकरी वस्त्र. इथे सोवळ्याचे सुती लुगडे चार-चार दिवस वाळत नाही. लोकरीला विटाळ नाही, आणि या वस्त्राला कुठे शिवणही नाही, नुसत्या दशा आहेत. पूजेला याहून काय हवे?

एकदा रीटबाई सूप घेऊन आल्या तर मी ते गुंडाळून देवांपुढे बसलेली. संध्याकाळी त्यांनी अंबरीशला दारातच धरले. “तुझी आई थंडीने काकडते आहे! हीटिंग वाढव, पैसे कसले वाचवतोस?” पुढच्या आठवड्यात आणखी दोन प्लेड घेऊन हजर. त्यातल्या लाल चौकड्यांच्या प्लेडचा धागा मी निरांजनावर धरून पाहिला. जळक्या केसासारखा वास येईना, वितळून मणी झाला, म्हणजे लोकर नव्हे. ते सोवळ्याला चालत नाही, सहलीला गवतावर अंथरावे. दुसरे, करडे, अस्सल आहे. ते अंबरीशने पांघरावे.

३. धाबळी, म्हणजे हिरव्या-निळ्या चौकड्यांचे, पिवळी बारीक रेघ असलेले प्लेड, नात मृण्मयी हिला. आणि तिच्याबरोबर देवही.

यावर अपूर्वाची हरकत आहे, ती लपवत नाही. फोनवर म्हणाली, “आई, त्यावर त्या रीटबाईंचा कुत्रा लोळला असेल! तिकडे सोवळं पाळणार कोण? देव माझ्याकडे पाठव.”

मी म्हटले, “अगं, मेंढी कुठे सोवळ्यात होती?”

ती हसली, पण हट्ट सोडला नाही. तिचेही खोटे नाही. भार्गवी सातला ऑफिसला निघते, आणि मृण्मयी अकरा वर्षांची आहे. पण आमचे बोलणे ती जिन्यात बसून ऐकत होती. रात्री माझ्याजवळ येऊन म्हणाली, “आजी, बाळकृष्णाला विचारलंस का? त्याला इथेच बरं वाटतं.” एवढे वाक्य तिने सबंध मराठीत म्हटले. एरवी माझ्या मराठीला ती डचमध्ये उत्तर देते.

म्हणून देव इथेच राहतील. मृण्मयीला झेपेनासे झाले तर तिने स्वतः आत्याला फोन करावा. तोपर्यंत तिला कोणी विचारू नये आणि टोकू नये.

४. तिला मंत्र येत नाहीत. ती देवांशी डचमध्ये बोलते, मी ऐकले आहे. बोलू द्यावे. बाळकृष्णाच्या आंघोळीचे पाणी तेवढे कोमट असावे.

वरील मजकूर वाचून सही केली.

शामला गुरुनाथ भागवत

साक्षीदार:
१. रीट दे ग्राफ, शेजारी (मजकूर अंबरीशने समजावून सांगितला)
२. राजन पेंडसे, स्नेही, टिलबर्ग

कापेल आन डेन आयसेल
विजयादशमी, २ ऑक्टोबर २००६