अनंताने पाहिलेला तारा खोडू नये म्हणून

प्रति,
मा. नोंद अधिकारी,
अतिनवतारा निरीक्षण कक्ष, मुंबई

विषय : कै. अनंता देसले यांचे ताऱ्याच्या तेजाचे अंदाज रद्द न करण्याबाबत.
संदर्भ : आमच्या दुर्बिणीचे सर्व अंदाज अविश्वसनीय ठरवणारे आपले पत्र.

महोदय,

अर्जदार भावना देसले, राहणार सापगाव, तालुका शहापूर, व तिचा भाऊ अनंता हे घरामागच्या खळ्यातून एकाच दुर्बिणीने आपल्या कक्षासाठी निरीक्षण करीत. स्फोट होऊन उजळलेला तारा शेजारच्या दोन स्थिर ताऱ्यांशी नजरेनेच ताडायचा, एवढे काम. त्यांतल्या उजळ ताऱ्याला अनंता थोरला नि मंद ताऱ्याला धाकला म्हणे. डोळा फसतो, हे अर्जदारास कुणी मुंबईहून शिकवायला नको. अनंताच दटावी, "टक लावू नको गो ताय, लाल तारा बघत रायलं का उगाच मोठा दिसतो."

भातकापणीत साप चावून अनंता गेला. तेरावे उरकून अर्जदार पुन्हा दुर्बिणीशी बसली. तेव्हापासून तारा तेजाने थोरल्या-धाकल्याच्या बरोबर मधोमध आहे, अनंताने शेवटी सांगितला तसाच. इतरांना तो मंदावत दिसेनासा झाला, असे आपण लिहिता. मुरबाडचे निरीक्षक धर्मा भोईर मुद्दाम येऊन पाहून गेले. "काय नाय गो तिथं," म्हणाले आणि चहा न घेताच निघाले.

खातरजमा करावी म्हणून अर्जदाराने दुर्बिणीचे झाकण न काढता पाहिले. तारा होता. थोरला-धाकला नव्हते. ताडायला काहीच नसल्याने त्या दिवशीचा अंदाज पाठवता आला नाही, त्याबद्दल क्षमस्व. अर्जदार फार घाबरली, हेही नमूद करते.

परंतु आपण तिच्याबरोबर अनंताचेही अंदाज बाद करीत आहात, हा कुठला न्याय? झाकणाआडून पाहते ती अर्जदार. त्याने पाहिले तेव्हा झाकण काढलेले होते, तारा जागेवर होता आणि तोही होता. सबब अर्जदाराचे अंदाज खुशाल खोडावेत, त्याच्या एकाही अंदाजाला हात लावू नये, ही कळकळीची विनंती.

आपण सांगितल्याप्रमाणे 'तारा दिसला नाही' असे लिहून द्यायला अर्जदार बसली होती. हात चालत नाही, साहेब. दिसेनासा झाला की आपण होऊन कळवीन. अजून दिसतो.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
भावना देसले
सापगाव, मार्गशीर्ष अमावास्या

सोबत : दुर्बिणीचे झाकण. आपणही लावून पाहावे. परत पाठवू नये.